नाताळ चार दिवसांवर, आणि घरात काहीच नाही

दरवर्षी 20 डिसेंबर उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी सविस्तर लिहिणारे वाचक चार ओळींत प्रश्न उरकतात आणि शेवटी ‘उत्तर लवकर द्यावे’ असे अधोरेखित करतात. गेल्या वर्षी ही पत्रे हाती पडली तेव्हा पुढचा अंक छपाईला गेलेला होता, त्यामुळे ज्यांनी पत्ता दिला होता त्यांना पोस्टाने उत्तरे धाडली आणि पत्रे जपून ठेवली. घाईवर सल्ला देणाऱ्या सदराने स्वतःच उशीर करावा हे काही शोभणारे नव्हते. म्हणून त्यांपैकी काही पत्रे, त्यांतला खाजगी मजकूर वगळून, यंदा डिसेंबरच्या अंकात वेळेवर देत आहे.

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. माझे पती रेल्वेत आहेत आणि वर्षभरापूर्वी आम्ही बदलीने भुसावळला आलो. मार्चमध्ये सासूबाई गेल्या. नाताळची सगळी तयारी त्याच करीत आणि मी हाताखाली असे. आज 21 तारीख आहे. ऑनलाइन मागवलेली चांदणी आणि झाड अजून आलेले नाही, आता तर 27 तारीख दाखवत आहेत. धाकटा रोज विचारतो, ‘यंदा आपल्याकडे नाताळ नाही का?’ खरे सांगायचे तर सण आल्यासारखे मलाच वाटत नाही. चार दिवसांत काय काय आणू, आणि जे वाटतच नाही ते कुठून आणू?
— एक गृहिणी, भुसावळ

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यांतला सोपा आधी घेते.

चार दिवसांत बाजार होतो. मात्र तो एकाच फेरीत, यादी करून आणि 23 तारखेच्या आत उरकायला हवा. यादी करताना एकच कसोटी लावा : दुसऱ्याच्या हातात असलेली कामे आधी, आपल्या हातातली नंतर. शिंपी आता नवे कापड घेणार नाही, तेव्हा मुलांचे कपडे तयार घ्या आणि स्वतःसाठी कपाटातली चांगली साडी काढून तिला आजच इस्त्री करून ठेवा. केक बेकरीतून आणायचा असेल तर आजच सांगून ठेवा. मटण किंवा कोंबडी करणार असाल तर खाटकाकडे आदल्या दिवशी वजन आणि वेळ सांगा, कारण 25 तारखेला सकाळी उपासनेहून परतताना रांगेत उभे राहणे म्हणजे दुपारचे जेवण चार वाजता वाढणे होय. किराणा सर्वांत शेवटी घेतला तरी चालतो, कारण मैदा, रवा, साखर आणि सुके खोबरे कुठे पळून जात नाही. भुसावळात मनासारखे मिळाले नाही तर जळगाव पंचवीस किलोमीटरवर आहे. कपड्यांसाठी फुले मार्केट आणि सुक्या मेव्यासाठी दाणा बाजार एका दुपारी होतो. मुलांना बरोबर न्या. पिशव्या सांभाळण्याचा त्रास होईल हे खरे, पण बाजारातली गर्दी आणि दिवे पाहून सण जवळ आल्याचे मुलांना जसे कळते, तसे घरी आलेल्या खोक्यावरून कळत नाही. खरेदीला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही.

न आलेल्या चांदणीची वाट पाहू नका. ऑर्डर रद्द करा आणि माळ्यावरचा दिवाळीचा आकाशकंदील खाली काढा. त्याचा सांगाडा धड असेल तर नवा कागद लावला की काम झाले. नसेल तर बुरुडाकडून दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या तासून आणा. पाच कामट्या एकमेकींवर टाकून एक पंचकोनी चांदणी बांधायची, उरलेल्या पाचांची दुसरी, आणि दोन्ही एकावर एक ठेवून फक्त पाच टोकांशी सुतळीने जखडायच्या. आता मध्यभागी जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच ठिकाणी चार-चार बोटांचे तुकडे दोन्ही चांदण्यांच्या मधे उभे अडकवायचे. त्यासरशी सांगाडा फुगतो आणि इतका वेळ सपाट दिसणाऱ्या काड्या एकदम चांदणी होतात; लहान मुलांना हा क्षण दाखवण्यासारखा आहे. त्यावर मैद्याच्या खळीने पतंगाचा कागद चिकटवावा, एक पाकळी पाठीमागून उघडी ठेवावी आणि आत छोटा एलईडी दिवा सोडावा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो, म्हणून तो नको. खळ वाळायला एक रात्र लागते, म्हणजे 22 तारखेला बसलात तर 23 ला चांदणी दारावर लागते.

झाडाबद्दल तर चिंताच नको. नाताळचे झाड ही सोळाव्या शतकाच्या सुमारास जर्मनीत रुजलेली आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या राजवाड्यामुळे जगभर पसरलेली प्रथा आहे. ती सुंदर आहे, पण तिच्यावाचून नाताळ अडत नाही. सुरूची एखादी फांदी मिळाली तर ती वाळू भरलेल्या डब्यात उभी करा. तेवढा वेळ गोठ्याला द्या, असे मी सुचवीन. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो या गावी गव्हाण, वाळला चारा, खरा बैल आणि खरे गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. त्याला जे मिळवावे लागले ते खानदेशात दारातच पडलेले असते. ज्वारीचा कडबा घ्या. शेताकडे कुणी ओळखीचे असेल तर चार पऱ्हाट्या आणा, त्यांचे खांब होतात. पोळ्याला पूजलेले मातीचे बैल कुणी जपून ठेवले असतील तर गोठ्यातला बैल तयारच आहे. मेंढपाळ करायचे तर त्यांना परदेशी झगे कशाला? साक्रीकडून मेंढरे घेऊन हिंडणारे ठेलारी मुलांनी रस्त्यावर पाहिलेले असतात. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि डोक्याला पागोटे एवढे मातीत जमले तरी पुष्कळ आहे. गोठ्यावर बर्फ हवाच असा हट्ट असेल तर कापसाचे बोंड मुलांनाच उकलू द्या, फक्त तो कापूस पणतीपासून हातभर दूर ठेवा. लूकच्या शुभवर्तमानात बर्फाचा उल्लेख नाही. तिथे आहे ती गव्हाणी, आणि जागा नसलेली उतारशाळा. एका बदलीच्या गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या रेल्वेच्या कुटुंबाला ती उतारशाळा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सण आल्यासारखे वाटत नाही, असे तुम्ही लिहिता. पण ज्या बाईच्या हाताने तुमच्या घरात सण येत होता ती या वर्षी गेली, हे तुम्ही त्याच पत्रात काही वाक्ये आधी लिहिले आहे. तुमच्यात काही कमी झालेले नाही. घरातला एक हात कमी झाला आहे. आमच्याकडे आई गेली त्या वर्षी मी दुप्पट उत्साह दाखवायचा म्हणून सगळे विकत आणले होते : केक, करंज्या, चकल्या, अगदी चिवडासुद्धा. 24 तारखेच्या रात्री ओटा लख्ख होता, डबे भरलेले होते आणि काय करावे हे कुणालाच सुचत नव्हते. शेवटी वडिलांनी उगाचच आले ठेचून चहा ठेवला. तेव्हापासून मी एक पथ्य पाळते : वेळ कितीही कमी असो, एक काम विकत घ्यायचे नाही, ते घरातच करायचे आणि 24 च्या संध्याकाळसाठी राखून ठेवायचे.

सासूबाईंची करंजी तुम्हाला येत असेल तर तीच करा. फक्त ओल्या नारळाची नको, ती दोन दिवसांत उतरते. सुके खोबरे, भाजलेला रवा, खसखस आणि पिठीसाखर यांचे सारण आज-उद्या करून ठेवता येते आणि आठवडाभर टिकते. पिठाला मोहन कडकडीत घाला. सासूबाईंचे कातणे घरात असेलच. ते मोठ्या मुलाच्या हातात द्या, धाकट्याला कडा दाबायला बसवा आणि तुम्ही लाटा. करंज्या वेड्यावाकड्या होतील, दोन-चार तेलात फुटतील. ‘आजी कशी करायची’ हे बोलणे त्या वेळी आपोआप निघेल, ते निघू द्या. डोळ्यांत पाणी आले तर मुलांपासून लपवू नका. आणि त्या रात्री नाताळची गाणी टीव्हीवर लावण्याऐवजी घरात म्हणा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळींना अभंगाच्या आणि भजनाच्या वळणाची भक्तिगीते दिली, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. टाळ नसतील तर ताटावर चमचा चालतो.

प्रश्न : प्लम केकसाठी सुका मेवा महिनाभर आधी भिजवावा लागतो, असे सर्वत्र वाचले. मला आज 22 तारखेला आठवण झाली. शिवाय आमच्या शेजारी अंडे न खाणारे लोक आहेत आणि त्यांना ताट पाठवायचे आहे. काही मार्ग आहे काय? घरी ओव्हन नाही.
— एक वाचक, जळगाव

उत्तर : महिनाभर रममध्ये भिजवण्याची पद्धत चांगली आहे, पण मेव्याला मुख्यतः ओलावा हवा असतो. पाव किलो बेदाणे, टुटीफ्रुटी आणि बारीक चिरलेला खजूर एका वाटी संत्र्याच्या रसात मंद आचेवर पाच मिनिटे उकळा आणि झाकून रात्रभर ठेवा. संत्री या दिवसांत मुबलक असतात.

मात्र मला विचाराल तर जळगावच्या माणसाने या घाईत प्लम केकच्या मागे लागूच नये. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले केळे तुमच्या दारात आहे. साल काळी पडू लागली म्हणून फळवाला ज्या केळ्यांचा भाव पाडतो, नेमकी तीच केकला लागतात, कारण त्यांत गोडी आणि सुवास सर्वांत जास्त असतो. अशी तीन केळी कुसकरा. त्यांत दीडशे ग्रॅम पिठीसाखर, अर्धी वाटी दही आणि अर्धी वाटी वास नसलेले तेल घालून फेटा. दोनशे ग्रॅम मैद्यात एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, दालचिनी आणि जायफळ मिसळून तो तीनदा चाळा आणि वरच्या मिश्रणात हलक्या हाताने कालवा. फेटत बसलात तर केक चिवट होतो. निथळलेला मेवा थोड्या कोरड्या मैद्यात घोळवून शेवटी टाका, म्हणजे तो तळाशी बसत नाही. दह्याचा आंबटपणा आणि सोडा यांच्या संयोगाने केक फुगतो, त्यामुळे अंड्याची उणीव भासत नाही. पण मिश्रण तयार झाल्यावर ते ठेवून द्यायचे नाही, लगेच भांड्यात ओतायचे.

ओव्हनऐवजी कुकर वापरा. शिटी आणि रबर दोन्ही काढा, तळाशी जाड मीठ पसरून त्यावर जाळी ठेवा, दहा मिनिटे कुकर तापू द्या आणि मगच केकचे भांडे आत ठेवा. मंद आचेवर साधारण चाळीस ते पन्नास मिनिटे लागतात. अर्धा तास होईपर्यंत झाकण उघडू नये. वास सुटला की घरातले प्रत्येकजण उघडायला येतो, त्यांना आवरणे हेच या पाककृतीतले कठीण काम. सुरी घालून पाहा, कोरडी निघाली की झाले.

शेजाऱ्यांना ताट पाठवताना या केकबरोबर करंजी आणि शेवही द्या, आणि केकमध्ये अंडे नाही हे स्वतः जाऊन सांगा. ते न सांगितल्यामुळे न खाल्लेला केक पुढे कामवालीला देण्याची वेळ दोन्ही घरांवर येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : पुण्याहून नणंद, तिचे पती आणि दोन कॉलेजची मुले 24 ला येत आहेत. चौघांना भेटवस्तू काय द्याव्यात? हातात एकच दिवस आहे.
— एक वाचक, धुळे

उत्तर : कॉलेजच्या मुलांना पाकिटात पैसे द्या; त्यांना दुसरे काही आवडेल असे समजणे हा आपला भ्रम आहे. नणंदेला बिबडे, कळण्याचे पीठ आणि वाळवलेल्या लाल मिरच्या बांधून द्या, पुण्यात तिला हे मनासारखे मिळत नसते. नणंदेच्या यजमानांसाठी चांगली शाल बाजारात एका फेरीत मिळेल. जेवणात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी ठेवा. चाळीस माणसांचे लग्नाचे जेवण ज्यावर निघते त्यावर आठजणांचा नाताळ सहज निघेल, आणि बट्ट्या आदल्या दिवशी उकडून ठेवल्या तर सकाळी फक्त तळायच्या उरतात.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती नाही. मुलीच्या शाळेत सांताक्लॉज आला होता, तेव्हापासून तिला घरात झाड, दिवे आणि उशाशी भेटवस्तू हवी आहे. सासऱ्यांना हे पटत नाही, आणि मलाही ‘दुसऱ्यांचा सण आपण का करावा’ असा प्रश्न पडतो. आता दोनच दिवस आहेत. घाईघाईने झाड आणावे का?
— एक पालक, अमळनेर

उत्तर : घाईघाईने आणू नये. सासऱ्यांना पटत नाही म्हणून नव्हे, तर झाड घरात आल्यावर तुमच्या मुलीला नाताळबद्दल नवे काय कळणार, याचे उत्तर तुमच्याकडे अजून नाही म्हणून. नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि त्याचा अर्थ जन्म. कुणाचा जन्म, कुठे, आणि गोठ्यात का, ही गोष्ट तिला सांगा. लहान मुलांना सांताच्या पोतडीइतकीच ती आवडते. सांताक्लॉजची गोष्टही सांगण्यासारखी आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा या गावचे बिशप असलेल्या संत निकोलस यांच्यापासून ही कल्पना निघाली. गरिबांच्या घरात ते गुपचूप पैसे टाकून जात, अशी त्यांची आख्यायिका आहे.

आणि मग तिला घेऊन ओळखीच्या ख्रिस्ती घरी जा. दिवाळीला तुमच्याकडून कुणाकडे फराळाचे ताट जात असेल, सहकारी असतील, मुलीची वर्गमैत्रीण असेल. 25 ला सकाळी उपासना असते, तेव्हा दुपारनंतर जावे. त्यांच्या दारची चांदणी, त्यांचा गोठा आणि त्यांच्या करंज्या तिला पाहू द्या. ‘दुसऱ्यांचा सण’ हा तुमचा शब्द चुकीचा नाही. दुसऱ्याच्या सणाला पाहुणे म्हणून जाण्यात एक वेगळा आनंद आहे आणि तो आपल्या घरी नक्कल करून मिळत नाही. अमळनेरच्या घरात ही गोष्ट निघावी आणि साने गुरुजींची आठवण होऊ नये असे कसे होईल? तुमच्या गावच्या शाळेत शिकवलेल्या गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा. आदल्या संध्याकाळी त्यांची एखादी गोष्ट आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यातल्या बाळाची, असे दोन दिवस सासऱ्यांनाही आवडतील, आणि सांगायला तेच बसले तर उत्तम. उशाशी एखादे पुस्तक ठेवायला मात्र हरकत नाही. ते कुणी ठेवले हे तिला बहुधा ठाऊक असते.

प्रश्न : माझे वय 74. दोन्ही मुले सुरतेला कारखान्यात आहेत आणि त्यांना सुटी 28 तारखेला मिळणार आहे. 25 ला मंडळीत उपासना आणि जेवण होईल, पण घरी आम्ही दोघेच. सौभाग्यवती म्हणते, 28 ला केलेला नाताळ हा शिळा नाताळ. चांदणीही लावू नको म्हणते. काय करावे?
— एक आजोबा, नवापूर

उत्तर : आजोबा, आजींना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की पंचांग त्यांच्या नव्हे, नातवंडांच्या बाजूचे आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार हा आगमनकाळ, म्हणजे वाट पाहण्याचा काळ. सण 25 तारखेला सुरू होतो आणि जुन्या परंपरेनुसार बारा दिवस चालून 6 जानेवारीला, मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूला पाहायला आलेल्या ज्ञानी लोकांच्या, भेटीच्या सणापर्यंत पोहोचतो. बाजार याच्या उलट वागतो : नोव्हेंबरअखेर दुकाने सजतात आणि 26 ला सकाळी चांदण्या अर्ध्या किमतीला निघतात. आपण सगळे त्या बाजाराच्या तारखेने स्वतःला उशीर झाला असे समजतो. 28 तारीख म्हणजे नाताळचा चौथा दिवस. शिळे काही झालेले नसते. मागी लोक तर दूर पूर्वेकडून येत होते, त्यांना तुमच्या मुलांपेक्षा जास्त वेळ लागला.

चांदणी 24 ला संध्याकाळी लावा आणि 6 जानेवारीपर्यंत उतरवू नका. नवापूर, विसरवाडी, चिंचपाडा या पट्ट्यात नाताळ गावभर असतो. त्या रात्री तुमच्याच दाराशी अंधार दिसला तर गाणी म्हणत फिरणारी पोरे पुढच्या घरी निघून जातील, आणि आजींना तेच अधिक लागेल. 25 ला मंडळीबरोबर जेवा. घरी त्या दिवशी आजींनी फक्त गोड भात करावा, दोघांपुरता.

बाकी सगळे चौथ्या दिवसासाठी ठेवा. करंजीचे सारण आजींनी 26 ला करून डब्यात भरावे, पीठ 28 ला सकाळी भिजवावे. तुम्ही स्टेशनवर जा. ते स्टेशन अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे, तेव्हा नातवंडांना फलाटावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात उड्या मारू द्या. घाई नको, कारण गाडी आली हे फोनवर कळल्यावरच आजींनी कढई चढवायची आहे. तुम्ही दाराशी पोहोचाल तेव्हा पहिला घाणा तेलात असावा.